आमची वाटचाल : अध्यक्षांच्या पुनरागमनाचे पहिले वर्ष आणि सोलापुरी टॉवेल

न्यू जर्सीतील आमची फर्म सोलापूरहून टेरी टॉवेल आणते आणि मोटेल, सलून व व्यायामशाळांना पुरवते. २०११ साली भाड्याच्या एका गाळ्यात सुरू झालेल्या या व्यवसायाचे आज एडिसनजवळ स्वतःचे गोदाम आहे आणि आठ घरे त्यावर चालतात. दरवर्षी जानेवारीत आम्ही वाटचालीचा आढावा लिहितो, हा जानेवारी २०२६ चा. एरवी तो नवे ग्राहक, नवा माल आणि येणी-देणी यांपुरता असतो. डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतली. पराभवानंतर पुन्हा निवडून आलेले ते ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्यानंतरचे दुसरेच अध्यक्ष. तेव्हापासूनच्या वर्षभरात आमच्या मालाची किंमत जितकी सोलापूरच्या मागावर ठरली, तितकीच ती व्हाइट हाउसमध्येही ठरली. म्हणून यंदा फर्मचा आढावा आणि अध्यक्षांच्या पहिल्या वर्षाचा आढावा वेगळे ठेवणे आम्हाला शक्य नाही.

आमचा धंदा कसा चालतो, ते आधी सांगायला हवे. मोटेलला लागणारा टॉवेल इथे डझनाच्या वजनावर विकला जातो. २४ बाय ५० इंचांचा, डझनाला साडेदहा पौंड भरणारा पांढरा टॉवेल हा आमचा सर्वाधिक खपाचा माल. सोलापुरात सूत घेतल्यापासून विणकाम, ब्लीचिंग, शिलाई, गाठी बांधणे, न्हावा शेवा बंदर आणि तिथून नेवार्कपर्यंतचा समुद्रप्रवास धरला तर ऑर्डर दिल्यावर माल हाती यायला चार महिने सहज लागतात. तांबड्या समुद्रातली वाट धोक्याची झाल्यापासून बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत असल्यामुळे हा काळ आणखी लांबला. आमचे बहुतेक ग्राहक गुजराती मोटेलमालक आहेत. ते दर ठरवतात तो सहा महिन्यांसाठी, आणि एकदा दिलेला शब्द फिरवलेला त्यांना चालत नाही. तो शब्द देता येत असे, कारण सुती टेरी टॉवेलवरचे आयातशुल्क वर्षानुवर्षे ९.१ टक्के होते आणि ते बदलेल असे कोणाच्या मनातही येत नव्हते.

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी पंतप्रधान मोदी व्हाइट हाउसमध्ये आले, २०३० पर्यंत दोन्ही देशांतला व्यापार ५०० अब्ज डॉलरपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले, तेव्हा आम्ही त्या वर्षाची सर्वांत मोठी ऑर्डर सोलापूरला दिली. २ एप्रिलला अध्यक्षांनी देशोदेशींच्या दरांचा फलक हाती धरला. त्यात भारतापुढे २६ टक्के लिहिले होते. आठवडाभरात, ९ एप्रिलला, तो दर ९० दिवसांसाठी स्थगित झाला आणि सरसकट १० टक्के उरले. म्हणजे आमच्या टॉवेलवर एकूण १९.१ टक्के. हा भार सोसण्यासारखा होता. थोडा कारखान्याने उचलला, थोडा आम्ही, थोडा ग्राहकाने, आणि तिघांचेही संबंध टिकले. अध्यक्षांनी एवढ्यावर थांबून तोच दर चार वर्षांसाठी कायम केला असता, तर आज आमच्यासारखे अनेक जण त्यांच्या धोरणाविषयी बरेच सौम्य बोलले असते.

ते तिथे थांबले नाही. जुलैअखेर भारतावर २५ टक्के जाहीर झाले आणि ७ ऑगस्टपासून लागू झाले. ६ ऑगस्टला रशियन तेलाच्या खरेदीबद्दल आणखी २५ टक्क्यांचा आदेश निघाला, त्याची अंमलबजावणी २७ ऑगस्टपासून झाली. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. सकाळी मूर्तीची प्रतिष्ठापना झाल्यावर सोलापूरच्या कारखानदारांचा फोन आला. त्यांच्या घराशी आमचे तीन पिढ्यांचे जाणे-येणे आहे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सणाच्या शुभेच्छा झाल्यावर ते एवढेच म्हणाले, "माल महिनाभर थांबवा, पण ऑर्डर रद्द करू नका. माणसांना आठवड्याचा पगार द्यावा लागतो, मागावरचा माणूस एकदा गेला की परत येत नाही." आम्ही ऑर्डर रद्द केली नाही, परंतु पुढची दिली ती निम्मी.

आदेशात वाटेवरच्या मालासाठी सवलत होती आणि तिच्या तारखा आम्हाला पाठ झाल्या. ७ ऑगस्टपूर्वी जहाजावर चढलेला माल ५ ऑक्टोबरपूर्वी पोहोचला तर जुनेच १० टक्के. २७ ऑगस्टपूर्वी चढलेला माल १७ सप्टेंबरपूर्वी पोहोचला तरच दुसरे २५ टक्के माफ. न्हावा शेवाहून नेवार्कला तेवढ्या दिवसांत येणे आफ्रिकेच्या वळशाने जवळपास अशक्यच. आमचा एक कंटेनर जुलैच्या अखेरीस चढला होता, दुसरा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. सूत एकाच गिरणीचे, माग तेच, ब्लीचिंगची तुकडीही तीच. प्रत्येकात सुमारे ६०,००० डॉलरचा माल होता. पहिल्यावर ११,४६० डॉलर शुल्क भरले आणि दुसऱ्यावर ३५,४६०. गोदामात या दोन्हींच्या गाठी शेजारी-शेजारी लागल्या तेव्हा कोणत्या गाठीतला टॉवेल कोणत्या ग्राहकाला द्यायचा, हे ठरवताना माझी पत्नी आणि मी दोन रात्री हिशेब मांडत बसलो. शेवटी दोन्ही कंटेनरची सरासरी काढून सर्वांना एकच दर लावला, कारण जुना ग्राहक आणि नवा ग्राहक असा भेद करणे आमच्या मनाला पटेना.

शुल्क हे परदेशाने भरायचे असते, असा समज अजूनही अनेकांचा आहे. ते आयातदार भरतो, आणि माल विकला जाण्याआधी भरतो. त्याशिवाय कस्टम्सकडे बाँड, म्हणजे शुल्क भरण्याची हमी, ठेवावा लागतो, त्याची रक्कम वर्षभरात भरलेल्या शुल्काच्या साधारण १० टक्के, किमान ५०,००० डॉलर असते. इतकी वर्षे आम्हाला किमान बाँड पुरत असे, किंबहुना त्याकडे कधी लक्षही जात नसे. आता आमचे कस्टम्सचे काम पाहणाऱ्या ब्रोकरने पहिल्यांदाच सांगितले की शुल्क याच गतीने वाढले तर तो वाढवावा लागेल, आणि जामीन कंपनी त्यासाठी तारण मागू शकते. मोठ्या कंपन्यांना यात फारसे काही वाटत नाही. आमच्या आकाराच्या फर्मची मात्र मालात गुंतवायची रोकडच त्यात अडकते. आम्ही कोणाला कामावरून कमी केले नाही, परंतु निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याची जागा भरलीही नाही.

दरम्यान पाकिस्तानी टॉवेलवर जादा दर १९ टक्के राहिला आणि तुर्की टॉवेलवर १५. हे दोन्ही देश टॉवेल उत्तम करतात, त्यात वाद नाही. पेनसिल्व्हेनियातील आमच्या एका जुन्या ग्राहकाने शरद ऋतूत कराचीचा माल घेतला आणि तसे आम्हाला फोन करून प्रामाणिकपणे कळवले. त्यांना दोष देता येत नाही. रशियाचे तेल सर्वाधिक घेणाऱ्या चीनवर त्या कारणासाठी असे शुल्क लागले नाही, मग सोलापूरच्या विणकराने ते का सोसावे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आम्हाला वर्षभरात मिळाले नाही.

कारखाने अमेरिकेत परत यावेत, ही अध्यक्षांची भूमिका मला परकी वाटत नाही. उत्तर कॅरोलिनातले कॅनापोलिस हे गाव टॉवेलच्या गिरणीभोवतीच वाढले. २००३ साली तिथली पिलोटेक्स कंपनी बंद पडली आणि हजारो माणसे एका दिवसात घरी बसली. गिरण्या बंद झालेल्या सोलापूरहून आलेल्या माणसाला ते दुःख समजावून सांगावे लागत नाही. परंतु त्या गिरणीच्या जागी आज संशोधन संकुल उभे आहे, तिथले माग केव्हाच गेले. टॉवेल पुन्हा इथे विणायचा असेल तर यंत्रे, प्रशिक्षण आणि दहा-वीस वर्षांचा धीर लागेल. दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्या शुल्काच्या भरवशावर कोणीही गिरणी उभारणार नाही, कारण तिच्या कर्जाचे हप्ते पंधरा वर्षे चालतात.

या वर्षात आम्हाला जे मिळाले तेही मोकळेपणाने लिहिले पाहिजे. ४ जुलैला सही झालेल्या करकायद्याने आमच्यासारख्या फर्मच्या उत्पन्नावरची २० टक्क्यांची वजावट कायम केली, जी २०२५ अखेर संपणार होती. यंत्रसामग्रीचा संपूर्ण खर्च पहिल्याच वर्षी वजा करण्याची सोयही परत आली, त्यामुळे कित्येक दिवस लांबणीवर टाकलेली फोर्कलिफ्ट आम्ही घेतली. मालकीची माहिती अर्थखात्याकडे नोंदवण्याची सक्ती देशी कंपन्यांवरून मार्चमध्ये उठली, एक कटकट गेली. नोव्हेंबरमध्ये चहा, कॉफी, मसाले, आंबा यांसारख्या वस्तू जादा शुल्कातून वगळल्या गेल्या आणि किराणा आयात करणाऱ्या आमच्या स्नेह्यांना दिलासा मिळाला. टॉवेल काही त्या यादीत नव्हता. ही सर्व बेरीज केली तरी करात वाचलेली रक्कम आमच्या एका कंटेनरच्या जादा शुल्कालाही पुरली नाही.

ग्राहकांची बाजूही सोपी नव्हती. कॅनडाच्या लोकांनी अमेरिकेचे प्रवास मोठ्या प्रमाणात टाळले, त्याचा फटका न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील मोटेलना बसला आणि त्यांचे टॉवेल दुप्पट काळ चालू लागले. १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारी कामकाज बंद राहिले, इतके ते यापूर्वी कधीच बंद राहिले नव्हते. ज्या मुद्द्यावर ते बंद पडले, ते आरोग्यविम्याचे वाढीव अनुदान ३१ डिसेंबरला संपले, आणि आमच्याकडच्या तिघांना या महिन्यात आलेले हप्त्याचे आकडे पाहून आम्ही त्यांच्या पगारात काही भर घातली. फर्मला ते झेपणारे नव्हते, तरी केले. एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलरचे शुल्क सप्टेंबरमधल्या एका शुक्रवारी जाहीर झाले, तेव्हा इथल्या कितीतरी मराठी घरांत ती रात्र विमानाची तिकिटे शोधण्यात गेली. हे फक्त नव्या अर्जांना आहे, असा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. तो आदेशातच असता तर?

या वर्षाविषयी माझे मत या प्रश्नातच आहे. दर किती, यापेक्षा तो कोण ठरवतो आणि किती आधी सांगतो, हे छोट्या व्यवसायासाठी अधिक महत्त्वाचे असते. कर बसवण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेने पहिल्याच कलमात काँग्रेसला दिला आहे. तिथे विधेयक येते, सुनावण्या होतात, आमच्यासारख्याला आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहायला अवधी मिळतो. ४ जुलैचा करकायदा आवडो वा न आवडो, तो त्या वाटेने आला आणि आम्हाला त्याप्रमाणे नियोजन करता आले. आयातशुल्क मात्र १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याच्या आधारे एका सहीने आले, एका सहीने स्थगित झाले आणि एका सहीने दुप्पट झाले. न्यूयॉर्कमधली वाइन आयात करणारी व्ही. ओ. एस. सिलेक्शन्स आणि इलिनॉयमधली शैक्षणिक खेळणी करणारी लर्निंग रिसोर्सेस न्यायालयात गेल्या, तेव्हा त्या आमचीही बाजू मांडत आहेत असे आम्हाला वाटले. व्यापार न्यायालयाने मे महिन्यात आणि अपील न्यायालयाने ऑगस्टमध्ये सरकारच्या विरोधात निकाल दिला. ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, तिचे ध्वनिप्रक्षेपण आम्ही गोदामात कामे करता करता पूर्ण ऐकले. हे लिहिताना, जानेवारी २०२६ मध्ये, निकाल अजून यायचा होता.

तो कसाही लागला तरी कागद तयार हवेत. एप्रिलमध्ये भरलेल्या शुल्काच्या नोंदी साधारण ३१४ दिवसांनी, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून, कस्टम्सकडे अंतिम होऊ लागतील आणि त्यानंतर हरकत घ्यायला १८० दिवस मिळतात. प्रत्येक कंटेनरची नोंद, भरलेली रक्कम आणि त्या दिवशी लागू असलेला दर यांचा तक्ता पत्नीने पूर्ण करून ब्रोकरकडे दिला आहे. परतावा आला तर त्यातला अण्णांनी सोसलेला वाटा त्यांना आणि ग्राहकांनी सोसलेला वाटा ग्राहकांना जाईल, असे आम्ही दोघांनाही लेखी कळवले आहे. या महिन्यापासून आमच्या बिलावर टॉवेलची किंमत आणि शुल्क वेगवेगळ्या ओळींत दिसतील, आणि शुल्क कमी झाले तर ती ओळ त्याच दिवशी कमी होईल. उन्हाळ्याच्या हंगामासाठी सोलापूरला एका कंटेनरची ऑर्डर गेली आहे. एरवी या दिवसांत तीन जातात.