पाठीखालची पिशवी

मी पुण्यात पॅलिएटिव्हची होमकेअर नर्स. म्हणजे कॅन्सरच्या पेशंटच्या घरी जाऊन दुखणं, जखमा, पोट साफ होतंय का हे सगळं बघायचं.

मागच्या पावसाळ्यात एकदा सकाळी धायरीहून फोन आला, "सिस्टर, बाबा कालपासून नुसते झोपूनच आहेत, पण दुखत नाहीये म्हणून आम्ही उठवलं नाही." हे "दुखत नाहीये म्हणून" ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो. त्यात सिंहगड रोडचा ट्रॅफिक, गाडी हलेना.

आजोबांचा प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात गेलेला, फेंटानिलचा पॅच (मॉर्फिनच्याच जातीचं जोरकस वेदनाशामक कातडीतून सोडणारी चिकटपट्टी) चालू, दर तीन दिवसांनी बदलायचा. जाऊन बघते तर श्वास मिनिटाला 9, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या (दोन्ही हे औषध जास्त झाल्याच्या खुणा), ऑक्सिजन 88, ताप 101 च्या वर आणि उजव्या बाजूला छातीत खरखर. पांघरूण काढलं तर पाठीखाली गरम पाण्याची पिशवी, बरोब्बर पॅचवर! सुनेने बिचारीने मायेनेच ठेवलेली. पॅचला ऊब मिळाली की औषध भराभर रक्तात उतरतं, तापानेही तेच होतं. मी पॅच आधी ओढून काढला, पण कातडीत साठलेलं औषध नंतरही बराच वेळ उतरत राहतं, त्यामुळे अँब्युलन्स बोलावण्याला पर्याय नव्हता.

हॉस्पिटलमध्ये एक्सरेत न्यूमोनिया निघाला. फेंटानिलचा उतारा म्हणून नॅलोक्सोन अगदी थोडं थोडं दिलं, एकदम दिलं असतं तर दुखणं सगळं उसळून आलं असतं.

बाहेर मुलाने विचारलं, "सिस्टर, या पॅचसारख्या दुखण्याच्या औषधांनी प्रतिकारशक्ती पण कमी होते का हो? मी वाचलं कुठेतरी." मी गडबडले. खरं सांगते, बद्धकोष्ठतेचं आम्ही दहादा बजावतो पण हे कधीच कोणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टर आले, चहा घेता घेता म्हणाले, होते. या औषधांचे रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे जाऊन चिकटतं त्या जागा, नुसते मेंदूत नसतात, पांढऱ्या पेशींवरही असतात. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी मंदावतात, नॅचरल किलर पेशीही ढिल्या पडतात. मॉर्फिनचं हे गिनीपिगवर 1898 लाच दिसलेलं. अमेरिकेत टेनेसीच्या 2018 च्या अभ्यासात तर ही औषधं घेणाऱ्यांमध्ये न्यूमोकॉकस या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूचं गंभीर इन्फेक्शन साधारण 1.6 पट जास्त आढळलं. अर्थात ती माणसं मुळातच आजारी, त्यामुळे सगळा दोष औषधाचाच असं म्हणता येत नाही. आणि आजोबांना तर कॅन्सर आहे, अंथरुणाला खिळलेले, त्यात गुंगीत नीट खोकताही येत नव्हतं.

"मग बंदच करू ना?" मुलगा लगेच म्हणाला.

"आणि रात्रभर विव्हळत काढायला लावायचं? दुखण्याने पण प्रतिकारशक्ती पडतेच की!" डॉक्टर म्हणाले.

ती सून मात्र एका कोपऱ्यात गप्प बसून होती. मी जाऊन तिला म्हटलं, अगं, पिशवीचं मीच सांगायला हवं होतं, पॅच लावला त्या दिवशी. पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असतं, पण त्या बारीक इंग्रजी अक्षरातलं वाचतंय कोण?

तिसऱ्या दिवशी आजोबांनी डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाले तर, "पाठ दुखतेय गं." सून एकदम रडायलाच लागली. डॉक्टरांनी ताप उतरेपर्यंत पॅच बंद ठेवून मॉर्फिनच्या छोट्या डोसवर टाकलं. आता नवीन घरी गेले की मी औषधांच्या डब्याबरोबर गरम पाण्याची पिशवी कुठे असते तेही विचारते, आणि न्यूमोनियाची लस झालीय का तेही.