एकटीला पेलेल अशी होडी

दोघांची कॅनो, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, उघडी होडी, एकटीने वल्हवता येते, पण एकटीने उचलायची म्हणजे जीव जातो. आम्ही मिनेसोटात राहायला आल्यावर घेतलेली होडी ॲल्युमिनियमची, १७ फुटी, चांगली ३४ किलोची. यांचे गुडघे धरले आणि यांचं पाण्यावर येणं थांबलं. मला मात्र बाउंडरी वॉटर्स सोडवेना. कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या या जंगलात हजारावर तळी आहेत. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर होडी खांद्यावर घ्यायची आणि वाट तुडवायची. या वाटांना पोर्टेज म्हणतात. नकाशात त्यांची लांबी अजूनही रॉडमध्ये देतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, ३२० रॉडांचा मैल. चिखल, गोटे, वर आलेली मुळं, आणि सामानासाठी पुन्हा दुसरी खेप.

म्हणून एकटीपुरती नवी होडी घ्यायचं ठरवलं आणि पहिली अट वजनाची ठेवली. जमिनीवरची होडी मला कुणाच्या मदतीशिवाय खांद्यावर घेता आली पाहिजे. रॉयलेक्स नावाच्या थराथराच्या प्लास्टिकच्या होड्या दणकट, पण जड. शिवाय ते प्लास्टिकच आता बनत नाही, त्यामुळे मिळाली तर जुनीच मिळते. केव्हलार या हलक्या, चिवट धाग्याची १५ फुटी एकट्याची होडी मात्र १५-१६ किलोत बसते. किंमत ऐकून धडकी भरते, आणि ती जपावीही लागते. खडकावर नेऊन आदळायची नाही, पोटरीभर पाण्यातच उतरायचं. मला ते मान्य होतं.

खरा घोळ स्थिरतेचा. सपाट तळाची होडी शांत पाण्यात पाटासारखी वाटते, पण आडवी लाट आली की लाटेबरोबर तीही कलते. किंचित गोलाई असलेला तळ बसल्याबसल्या डुगडुगतो, पण कलू लागला की बाजूचा फुगवटा पाण्यात भार घेतो आणि होडी तिथे थांबते. मी मालवणकडची. आमच्याकडे हे काम उलांडी, म्हणजे होडीच्या बाजूला बांधलेलं तरतं लाकूड, करते. इथे ते होडीच्या पोटानेच करायचं असतं.

आणि बसायची उंची! याकडे फार कमी लोक बघतात. १८८३ साली रश्टन नावाच्या कारागिराने नेसमुक या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्ससाठी ‘सेअरी गॅम्प’ ही ९ फुटी होडी बांधली. वजन पाच किलोच्याही आत! ती घेऊन हा किरकोळ अंगाचा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिराँडॅकच्या तळ्यांतून हिंडला. एवढी चिमुकली होडी तोलता येते ती अगदी तळाशी बसल्यामुळे. त्याच वळणाच्या होड्या आजही मिळतात, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायच्या. मी एक चालवून पाहिली. अतिशय स्थिर आणि हलकी, पण आठवड्याच्या सामानासाठी लहान पडली, आणि निसरड्या दगडांवर तळातून उठून उतरणं मला जड गेलं.

शेवटी तळ्याकाठच्या एका दुकानात १५ फुटी होडी पाण्यात घालून पाहिली. “अगं, वाऱ्याचा दिवस बघून जा,” हे म्हणाले, आणि तो सल्ला लाखमोलाचा ठरला. रिकामी होडी चालवून काहीच कळत नाही. वारा तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, धरून फिरवतो. मी पाण्याचे कॅन भरून सामानाएवढं वजन ठेवलं, तशी ती पाण्यात नीट बसली. मग मागे वळून पाहिलं, पायाशी ठेवलेली बाटली उचलली, मुद्दाम एका बाजूला कलले. होडीचा काठ पाण्याजवळ गेला, पण ती धरून राहिली.

उचलायची परीक्षा वेगळी. एकट्याच्या होडीत जिथे खांदापट्टी, म्हणजे होडी खांद्यावर तोलायची आडवी पट्टी, हवी, नेमकी तिथेच सीट असते. म्हणून पट्टी काढता-घालता येणारी असते, काठाला स्क्रूने आवळायची. ती आवळून मी आवारात फेऱ्या मारल्या. पट्टी जराही सरकता कामा नये. मागचं टोक किंचित जड हवं, म्हणजे पुढचं वर राहतं आणि वाट दिसते. बोटभर पुढेमागे केली तरी मानेला फरक कळतो.

होडी घेतल्यावर सीट थोडी खाली बसवून घेतली, गुडघे टेकून बसल्यावर पावलं सीटखालून सहज निघतील एवढी जागा राखून. तिथे तडजोड करायची नाही. उलटल्यावर पाय अडकला तर जिवावर बेततं. मिनेसोटात १० फुटांपेक्षा लांब होडीला, मोटर नसली तरी, नोंदणी लागते. तेवढं करून नंबर चिकटवला आणि बाउंडरी वॉटर्समध्ये शिरायच्या परमिटच्या तारखा बघायला बसले.