साठ-शून्य

10 नोव्हेंबर 2024, रविवार, मॉरिशसच्या संसदेच्या निवडणुकीचा दिवस. मॉरिशसला कामानिमित्त येऊन मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं, कात्र बोर्नला भाड्याने राहत होते. राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाचा नागरिक इथे दोन वर्षं राहिला की त्याला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, म्हणजे अजून थोडे महिने आधी आले असते तर मलापण मत देता आलं असतं, याची खरंच हळहळ वाटली.

पण बघायला मिळालं तेही खूप होतं. आधी ऑक्टोबरमध्ये फोन टॅपिंगच्या ऑडिओ क्लिप्स बाहेर आल्या, मोठमोठ्या लोकांचे फोनवरचे बोलणे रोज नवीन, ऑफिसमध्ये लंचला दुसरा विषयच नाही, आणि मग सरकारने थेट सोशल मीडियाच बंद करायचा हुकूम काढला, मतदान संपेपर्यंत. लोक इतके भडकले की एका दिवसात मागे घ्यावा लागला. मला वाटतं निवडणूक तिथेच संपली होती.

माझ्या शेजारी एक रिटायर्ड शिक्षिका राहतात, शाळेत मराठी शिकवायच्या. पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात मजूर म्हणून आलेले. गणपतीला त्यांच्याकडे झाकरी नाचतात, आपली कोकणातली जाखडी तीच, आणि गणेश चतुर्थीला इथे देशभर सरकारी सुट्टी असते! मी त्यांना बाई म्हणते. मतपत्रिका कशी असते ते बाईंनीच मला वहीत काढून दाखवलं. बेटावर 20 मतदारसंघ, प्रत्येकात तीन खासदार, म्हणून प्रत्येकाला तीन मतं, आणि तिन्ही द्यावीच लागतात, नाहीतर मत बाद. रॉड्रिग्स बेटाचे दोन धरून 62. मशीन वगैरे नाही, कागद आणि पेटी, मोजणी दुसऱ्या दिवशी.

सोमवारी दुपारपासूनच हॉर्न सुरू झाले, लेबर पक्षाचे लाल झेंडे आणि त्यांच्या आघाडीतल्या एमएमएम पक्षाचे जांभळे. लेबरचे नेते नवीनचंद्र रामगुलाम यांच्या या आघाडीला मुख्य बेटावरच्या 60 पैकी 60 जागा. तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतःच्या मतदारसंघात पडले. साठ-शून्य म्हणजे इथल्या लोकांना लगेच कळतं, कारण हे 1982 ला झालंय आणि 1995 लाही.

आता माझ्या मनात जे घोळतंय ते इथून पुढे आहे. जगन्नाथांच्या हरलेल्या आघाडीला पाव हिश्शाहून जास्त मतं पडली होती. आणि जागा शून्य! उलट 2019 ला त्यांच्याच पक्षाच्या आघाडीने चाळीस टक्क्यांच्या आतल्या मतांवर आरामात बहुमत मिळवलं होतं. म्हणजे लोक बदलले तेवढे बदललेच, पण तीन-तीन जागांच्या या पद्धतीत थोडा कल फिरला की सगळंच्या सगळं एकीकडे जाऊन पडतं.

मग विरोधी बाकावर कोण बसणार? तर इथे "बेस्ट लूजर" नावाची सोय आहे. पडलेल्यांमधून जास्तीत जास्त आठ जण सभागृहात घेतात, पण पक्षाच्या मतांवर नाही, समाजावर. उमेदवाराला अर्जातच लिहावं लागतं, हिंदू, मुस्लिम, चिनी मॉरिशियन की "जनरल पॉप्युलेशन". जो राहणीवरून पहिल्या तिघांत दिसत नाही तो चौथ्यात, असं घटनेत लिहिलंय, म्हणजे क्रेओल (आफ्रिकी किंवा मिश्र वंशाचे) आणि फ्रेंच वंशाचे गोरे एकाच खान्यात. मराठी, तमिळ, तेलुगू सगळे हिंदूत. आणि हिशोब 1972 च्या जनगणनेवर, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारलाच नाही! यावेळी चार जण असे आत आले, त्यात जो लेजोंगार, जे मग विरोधी पक्षनेते झाले.

मी बाईंना म्हटलं, हे बंद करायला पाहिजे, जागा मतांच्या प्रमाणात द्या की, समाज कशाला विचारायचा. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, 68 च्या जानेवारीत मी लहान होते. पोर्ट लुईसमध्ये मारामारी झाली, मुसलमान आणि क्रेओल. इंग्रजांचे सैनिक आणावे लागले. मार्चमध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आमच्या घरात आनंद होता, शेजारच्या घरात भीती होती. त्या शेजाऱ्यांसाठी ती खुर्ची राखून ठेवली होती."

हे ऐकल्यावर माझा आवाज खाली आला, खरं सांगते. ती भीती खोटी नव्हती. पण माझं मत मात्र बदललं नाही. भीती 1968 ची, हिशोब 1972 चा, आणि आज ज्या पाव हिश्शा लोकांचं मत वाया गेलं त्यांच्यात तर सगळ्याच समाजाचे लोक आहेत, त्यांच्यासाठी कुठली खुर्ची आहे? 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही यावर बोट ठेवलं होतं, आणि ती तक्रार नेणारे, रेझिस्तांस एक आल्तेर्नातिव्ह नावाच्या पक्षाचे लोक, यावेळी याच जिंकलेल्या आघाडीत होते.

घटनेतला हा भाग बदलायला सभागृहात तीन चतुर्थांश मतं लागतात. यावेळी 60 जागा हातात आल्या. 1982 ला पण होत्या, ते सरकार वर्षभरात फुटलं. 1995 ला पण होत्या.