चीन कोणी घालवला?

पर्वती चढणाऱ्या आमच्या सकाळच्या टोळक्यात एक जुने डावे काका आहेत. व्हिएतनामचा विषय निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं: शस्त्रांचे कारखाने चालावेत म्हणून अमेरिकेने ते युद्ध केलं. नफा कमावणारे होतेच, पण मला हे पुरेसं वाटत नाही. अमेरिकेला भीतीने ओढलं; आणि ती भीती हनोईतल्या कम्युनिस्टांची कमी, घरच्या मतदाराची जास्त.

१९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट माओ जिंकला आणि वॉशिंग्टनमध्ये एकच ओरड सुरू झाली, चीन कोणी घालवला? जणू तो राष्ट्राध्यक्ष ट्रूमनच्या खिशात होता! पाठोपाठ जिकडेतिकडे कम्युनिस्ट हुडकणारा सिनेटर मॅकार्थी आला. परराष्ट्र खात्यातल्या चीनच्या कितीतरी जाणकारांना घरी बसवलं. व्हिएतनामी आणि चिनी यांचं जुनं वाकडं आहे, हे ठणकावून सांगणार कोण? व्हिएतनामी कम्युनिस्टांचा नेता हो ची मिन्ह याने तर १९४५ ला स्वातंत्र्य जाहीर करताना सुरुवातच अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या वाक्याने केली होती. ट्रूमनला पत्रंही धाडली. उत्तर आलं नाही.

एप्रिल १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरने डॉमिनोच्या सोंगट्यांची उपमा दिली: एक पडली की रांगच आडवी, तसंच एक देश कम्युनिस्ट झाला की शेजारचेही. मग फ्रेंचांशी चाललेलं युद्ध थांबवणारा जिनिव्हा करार, व्हिएतनामचे तात्पुरते दोन भाग (उत्तर कम्युनिस्टांकडे), १९५६ मध्ये निवडणूक. देखरेखीच्या आयोगाचं अध्यक्षपद आपल्याकडे होतं, हे आपल्याकडेच फारसं कुणाला आठवत नाही. ती निवडणूक झालीच नाही. दक्षिणेचा सत्ताधारी दिएम याने नकार दिला आणि अमेरिका त्याच्या पाठीशी उभी राहिली.

मला खरा धक्का बसला तो राष्ट्राध्यक्ष जॉन्सनच्या ध्वनिमुद्रित फोनमुळे. मे १९६४. तो आपल्या सल्लागाराला, बंडीला सांगतोय की यासाठी लढण्यात अर्थ नाही, पण बाहेरही पडता येत नाही. म्हणजे माणसाला कळत होतं! तरी ऑगस्टमध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दोनदा हल्ला झाल्याचं कारण पुढे केलं गेलं (दुसरा हल्ला झालाच नव्हता) आणि प्रतिनिधिगृहात लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव ४१६ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर. मार्च १९६५ मध्ये मरीन सैनिक दा नांगला उतरले. शेवटी अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकन गेले, व्हिएतनामी तर लाखोंनी.

१९७५ ला दक्षिणेची राजधानी सायगाव पडलं, लाओस आणि कंबोडियाही गेले. थायलंड मात्र जागच्या जागी राहिला. आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये कम्युनिस्ट चीनने कम्युनिस्ट व्हिएतनामवरच हल्ला केला. आपले परराष्ट्रमंत्री वाजपेयी तेव्हा चीनमध्येच होते. दौरा आटोपता घेऊन परतले.