१३,४०० तास

चौथ्या नंबरच्या विमानावर आमची सगळी टीम पहिल्या तासाभरातच खूश झाली होती.

एका हवाई दलाने सहा सी-१३०एच मालवाहू विमानं विकायला काढली होती. दुसऱ्या हवाई दलाला ती घ्यायची होती आणि सौदा पक्का होण्याआधी विमानं तपासायला त्यांनी आम्हा पाच जणांना पाठवलं होतं. दोन्ही देशांची नावं लिहायची मला परवानगी नाही. माझं काम कागदांचं. विमान कारखान्यातून बाहेर पडलं त्या दिवसापासूनच्या नोंदी वाचायच्या, कुठला भाग कधी बदलला, कुठली दुरुस्ती कोणी केली, कोणी सही केली ते जुळवायचं. बाकीचे शिडीवर चढतात, मी खोक्यांत डोकं घालून बसते.

जुनी मालवाहू विमानं विकत घेण्यात कमीपणा नाही, हे आधीच सांगते, कारण ‘दुसऱ्याची वापरलेली’ म्हटलं की लोक नाक मुरडतात. नवं विमान मागवलं तर ते हातात पडेपर्यंत वर्षं जातात आणि तोवर पूर आला, भूकंप झाला तर माणसं आणि सामान न्यायचं कशातून? ऑस्ट्रियाने २००३ मध्ये ब्रिटनची वापरलेली तीन सी-१३० घेतली. ब्रिटनच्या हवाई दलाच्या सी-१३०जे विमानांपैकी पाच बांगलादेशकडे गेली. ऑस्ट्रेलियाची सी-१३०एच इंडोनेशियाने घेतली. सी-१३० चं पहिलं उड्डाण १९५४ चं, आणि हे विमान आजही कारखान्यात तयार होतंय. नीट पारखून घेतलं तर दुसऱ्या मालकाकडेही ते पंधरा-वीस वर्षं इमाने इतबारे काम करतं.

पण पारखून घ्यायला हवं. अफगाणिस्तानच्या हवाई दलासाठी अमेरिकेने इटलीची वीस जुनी जी-२२२ मालवाहू विमानं दुरुस्त करून घेतली. त्या कार्यक्रमावर ५४.९ कोटी डॉलर खर्च झाले. सुटे भाग मिळेनात, विमानं जमिनीवरच उभी राहू लागली आणि शेवटी काबूलमधली सोळा विमानं भंगारात गेली. त्या भंगाराचे आले जेमतेम ४०,००० डॉलर. प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री हा आकडा माझ्या डोक्यात असतो.

तर, चौथा नंबर. रंग ताजा, कॉकपिट स्वच्छ, मालाच्या कप्प्यातली जमीन उचलून पाहिली तर खाली गंजाचा मागमूस नाही. या विमानांत लघवीच्या भांड्याखालचा पत्रा लवकर गंजतो. आमचा सर्वांत तरुण तंत्रज्ञ तिथे टॉर्च आणि आरसा घालून पंधरा मिनिटं आडवा पडला होता, आणि उठला तो हसतच. “मॅडम, इथे बसून जेवता येईल इतकं स्वच्छ आहे!” विक्रीच्या पत्रकावर उड्डाणाचे तास होते १३,४००. सहांमध्ये सर्वांत कमी. दुसऱ्या नंबरचे १९,८००, आणि ते दिसायलाही तसंच होतं: काजळी बसलेले पंख, चाकांच्या खोबणीत ग्रीसचे थर, सीटांची कापडं फाटलेली. टीमप्रमुख सर निवृत्त विंग कमांडर, मोजकं बोलणारे. त्यांनीसुद्धा चौथ्याच्या नाकावर हात ठेवून म्हटलं, “हे आधी.”

माझ्या मनात पहिली शंका आली ती एका साध्या कारणाने. विमान इतकं कमी उडालं होतं, तर त्याचे टायर आणि ब्रेक इतक्या वेळा का बदलले होते? कार्डावर कार्ड, कार्डावर कार्ड. लांब पल्ल्याचं विमान एकदा उडतं, सात-आठ तासांनी उतरतं. १३,४०० तासांत त्याची चाकं किती वेळा जमिनीला लागतील याचा अंदाज बांधता येतो. इथे तो अंदाज कुठच्या कुठे जात होता.

म्हणजे तास कमी, पण उतरणं फार. मग हे विमान करत काय होतं?

विमानाच्या लॉगबुकात तास असतात, पण ते तास कसे गेले हे बहुतेक वेळा तिथे नसतं. ते असतं स्क्वाड्रनच्या उड्डाण नोंदवहीत, आणि ती वही विक्रीच्या कागदांत कोणी ठेवत नाही. मी ती मागितली. विक्री विभागातल्या तरुण अधिकाऱ्याने सांगितलं, अशा वह्या जुन्या झाल्या, नष्ट केल्या असतील. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही, त्याला खरंच माहीत नव्हतं. पण दारात एक वयस्कर तंत्रज्ञ उभे होते, त्यांनी दुभाष्याकडे बघून मान हलवली आणि मला मागे यायची खूण केली. हँगरच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाट होतं. त्याच्या खालच्या कप्प्यात कापडी पुठ्ठ्याच्या वह्या, प्रत्येकीच्या कण्यावर विमानाचा नंबर पांढऱ्या रंगाने हाताने लिहिलेला. चौथ्या विमानाच्या सात वह्या होत्या.

“नष्ट करायचा हुकूम आला होता,” ते दुभाष्यातर्फे म्हणाले. “मला नाही करवलं.”

जेवणाची सुट्टी सोडून मी त्या वाचल्या. अक्षर बदलत जातं, शाई बदलत जाते, पण रकाने तेच: तारीख, कामगिरी, वजन, उंची, वेळ. आणि कामगिरीच्या रकान्यात बहुतेक दिवस दोनच नोंदी. जमिनीलगत उड्डाण. छत्रीधारी सैनिक उतरवणे. मधेमधे नव्या वैमानिकांचा सराव, म्हणजे धावपट्टीला चाकं टेकवायची आणि लगेच पुन्हा उडायचं, एका तासात आठ-आठ, दहा-दहा वेळा.

जमिनीपासून शे-दीडशे मीटरवर हवा कधी स्थिर नसते. टेकडी चढायची, उतरायची, वळायचं, वरून वारा आपटतोय, आणि पोटात सामान भरलेलं. प्रत्येक धक्क्याला पंख वर वाकतो आणि परत येतो. सी-१३० मध्ये हा सगळा ताण झेलतो तो पंखाचा मधला भाग, सेंटर विंग बॉक्स. विमानाच्या पाठीवरून आरपार गेलेली पेटीच म्हणा, आतली दोन इंजिनं तिच्यावरच टांगलेली असतात. पंख वर वाकला की तिचा खालचा पत्रा ताणला जातो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की एके दिवशी ती तुटते, तोच हा प्रकार. म्हणून अमेरिकी हवाई दल या विमानांचे नुसते तास मोजत नाही. उड्डाण किती कठीण होतं त्या गुणकाने तास गुणतात आणि येणाऱ्या आकड्याला समतुल्य तास म्हणतात. ३८,००० झाले की उड्डाणावर बंधनं, ४५,००० झाले की विमान जमिनीवर.

आमच्या संरचना अभियंत्याला मी वह्या दाखवल्या. वजनं आणि वेग बघून त्याने या विमानापुरते गुणक बसवले आणि माझ्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. लांब पल्ल्याचे ४,४०० तास, गुणक एक. सरावाचे ४,००० तास, गुणक अडीच, म्हणजे १०,०००. जमिनीलगतचे ५,००० तास, गुणक पाच, म्हणजे २५,०००. खाली रेघ मारून बेरीज: ३९,४००.

दोघंही काही बोललो नाही. मग त्याने दुसऱ्या नंबरच्या, त्या मळकट विमानाच्या वह्या ओढल्या. जवळजवळ सगळी उड्डाणं लांबची, उंचावरची. १९,८०० ला सरासरी गुणक १.२. आले २३,७६०.

दुपारी तीनला मी सरांकडे गेले. ते म्हणाले, “हा कागद झाला. पंख काय सांगतोय?” प्रश्न बरोबर होता. गणित फक्त कुठे बघायचं ते सांगतं.

मला २००२ चा जूनमधला अपघात आठवत होता. कॅलिफोर्नियात वणवा विझवायला वापरत असलेलं १९५७ सालचं सी-१३०ए विमान. आग रोखणारं रसायन टाकून वर येताना त्याचे दोन्ही पंख मुळातून मोडले, तिघं गेले. तडे पंखाच्या मधल्या भागाच्या खालच्या पत्र्यात होते, वरून लावलेल्या ठिगळाखाली झाकलेले. डोळ्यांना दिसणारच नाहीत अशा जागी. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने ४५० पैकी १२३ सी-१३० एकदम थांबवली, तीही याच भागातल्या जोडावर तडे सापडले म्हणून. त्या जोडाला रेनबो फिटिंग म्हणतात. मधला पंख आणि बाहेरचा पंख जिथे जुळतात तिथली कमान.

विकणाऱ्यांची परवानगी घेतली. मी फारशी शिडीवर जात नाही, त्या दिवशी गेले. आतल्या आणि बाहेरच्या इंजिनाच्या मधे, पंखाच्या पोटाखाली आम्ही तिघं मान वर करून उभे. तरुण तंत्रज्ञाने ताजा रंग एका पट्टीत काढला, पत्रा उघडा केला आणि एडी करंटचा प्रोब, म्हणजे विजेच्या प्रवाहाने धातूतले तडे शोधणारी कांडी, एकेका फास्टनरभोवती, म्हणजे पत्रा जोडणाऱ्या खिळ्याभोवती, फिरवायला घेतला. प्रोब पेन्सिलीएवढा. पडद्यावर हिरवा ठिपका. पत्रा अखंड असेल तर ठिपका जागच्या जागी थरथरतो. पहिला फास्टनर, दुसरा, तिसरा, काही नाही. सातव्याला ठिपका झपकन वर गेला आणि खाली आला. त्याने प्रोब मागे घेतला, बोटाने पत्रा पुसला, पुन्हा फिरवला. पुन्हा वर. अकराव्याला तसंच.

“मॅडम, तुम्ही धरून बघा,” तो म्हणाला. मी प्रोब धरला. फास्टनरच्या डोक्याच्या पुढच्या कडेला आला की ठिपका उसळायचा, बाजूला नेला की शांत. भिंगातून पाहिलं तर राखाडी पत्र्यावर केसाहून बारीक रेघ, नखाच्या चंद्राएवढी. माहीत नसतं तर ओरखडा समजून सोडून दिली असती.

सरांनी खालून विचारलं, “किती?”

“दोन ठिकाणी, सर. अजून अर्धी बाजू बाकी आहे.”

“उतरा. पुढचं त्यांच्या लोकांसमोर करू.”

संध्याकाळची बैठक कठीण गेली. विकणाऱ्यांना धक्का बसला होता, तो खराच होता. त्यांच्यातला एक जण म्हणाला की तडा लहान आहे, दुरुस्त होतो. होतो, हे खरं. पण दोन सापडले त्याच जागी आणखी किती उगवायच्या बेतात आहेत, हे कोणी सांगू शकत नाही. घेणाऱ्यांच्या प्रतिनिधीला मी एवढंच सांगितलं: तुमची माणसं, त्यांच्यासोबत नव्वदएक सैनिक, या पेटीखाली बसणार आहेत. सेंटर विंग नवा बसवून देत असतील तर विमान घ्या, नाहीतर नको. विकणारे तो बसवून द्यायला तयार झाले नाहीत. तो खर्च कोणालाही जड जाईल असाच असतो. आमच्या अहवालात क्रम उलटला. दुसरा नंबर सर्वांत वर गेला, चौथा यादीतून निघाला.

बैठक संपल्यावर मी त्या वयस्कर तंत्रज्ञांना शोधत हँगरच्या मागे गेले. उरलेल्या पाच विमानांच्या वह्यांच्या प्रती खरेदीच्या करारात जोडल्याच पाहिजेत, अशी अट आमच्या सरांनी बैठकीत घालून घेतली होती, आणि ते काम दुसऱ्या दिवसावर ढकलायची माझी इच्छा नव्हती. त्यांनी विचारलं, चौथं घेणार का? मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. त्या विमानात त्यांनी अकरा वर्षं क्रूबरोबर उड्डाणं केली होती, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं.

मग त्यांनी कपाट उघडलं. मी पान उलटून झेरॉक्स यंत्राच्या काचेवर ठेवायची, ते झाकण दाबायचे. यंत्र तापलं की दहा मिनिटं थांबायचं. दुभाषी घरी गेला होता, त्यामुळे आमचं बोलणं खुणांनीच चाललं होतं. एका पानावर त्यांनी बोट ठेवलं, स्वतःच्या छातीकडे दाखवलं. क्रूच्या रकान्यात त्यांची सही होती, खूप तरुण वयातली, मोठ्या वळणाची. रात्री साडेनऊला दुसऱ्या नंबरच्या शेवटच्या वहीचं शेवटचं पान निघालं, आणि आम्ही तिसऱ्याची पहिली वही उघडली.