आमची वाटचाल : आमच्याकडे पाठीवर कुणी बसत नाही

२०१३ साली कोथरूडमधल्या एका मंगल कार्यालयाच्या माडीवर आम्ही बॅलेचा वर्ग सुरू केला. मुली पाच. तुळशीचं लग्न झालं की आमची पंचाईत व्हायची, खाली सनई आणि वर आमचे प्लिए, म्हणजे बॅलेतलं गुडघे वाकवणं. जमीन शहाबादी फरशीची. तिच्यावर उड्या मारून नडग्या ठणकायच्या, म्हणून पहिलं कर्ज काढलं ते जमिनीसाठी : खाली फोमचे ठोकळे, वर प्लायवूड, त्यावर व्हिनाइल. सुतार म्हणाला, "मॅडम, चांगली घट्ट लादी आहे की. हलणारी जमीन कशाला?"

जमीन सुधारली, पण माझं शिकवणं सुधारायला एक मुलगी दुखावावी लागली. बारा वर्षांची होती. पोटावर झोपून, गुडघे दोन्ही बाजूंना, तळवे जुळवलेले, म्हणजे ज्याला आम्ही फ्रॉग म्हणतो तो करत होती. मी तिच्या कमरेवर दोन्ही हातांनी भार दिला. मलाही असंच शिकवलं होतं. ती म्हणाली, "ताई, आत टोचतंय." मी म्हटलं, "श्वास सोड, होईल." पंधरा दिवसांनी तिला मांडी घालून बसता येईना. आई तिला घेऊन आली, रागावलीसुद्धा नाही. ती मुलगी पुन्हा वर्गाला आली नाही.

त्यानंतर एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला मी अक्षरशः धरून आणलं. आज ती धंद्यात भागीदार आहे. टर्नआउट, म्हणजे पाय खुब्यातून बाहेर वळवणं, किती निघणार हे खुब्याची खोबण आणि मांडीच्या हाडाचा पीळ ठरवतात, हे मी तिच्याकडून शिकले. स्नायू ताणता येतो, हाड नाही. मांडीच्या मागे मधोमध ओढ लागली तर चालेल. जांघेत पुढून चिमटा बसला किंवा ज्या हाडावर आपण बसतो तिथे दुखलं, की थांबायचं. हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंचा, उगम त्याच हाडाशी आहे. वाढत्या वयात तिथली जोड कच्ची असते. जोराच्या हिसक्याने हाडाचा तुकडाच सुटू शकतो.

आता आधी दहा मिनिटं घाम काढायचा : चालणं, हलक्या उड्या, पाय झुलवणं. उड्यांच्या आधी लांबलचक ताण नाही, स्नायूचा जोर तेवढ्यापुरता उतरतो. तो शेवटी. उताणं झोपून आईची सुती ओढणी तळव्याला अडकवायची, गुडघा किंचित वाकलेला. टाच ओढणीत पाच-सहा सेकंद दाबायची, सोडायची, आणि पाय आपसूक दोन बोटं जवळ येतो. तिथे तीस सेकंद. मी हात मागे बांधून उभी राहते, ताण वाढवायला पाठीवर कुणी बसत नाही.

धंद्याला हे महाग पडलं. "पलीकडच्या क्लासला तीन महिन्यांत स्प्लिट" (दोन्ही पाय फाकवून जमिनीला टेकवणं) म्हणून २०१७ साली चाळीसातल्या चौदा मुली गेल्या. ज्यांचे सांधे मुळातच सैल, त्यांचं ताणणं आम्ही कमी करतो आणि ताकदीचे व्यायाम देतो. त्यांच्या आयांना तो अन्याय वाटतो. उलट भरतनाट्यमच्या मुली अरैमंडीसाठी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्यासाठी, यायला लागल्या. टर्नआउट खुब्यातून नाही निघाला की गुडघा पिळतो, हे दोन्हीकडे सारखंच. शनिवारची त्यांची बॅच आज भाडं भरते. कोविडची दोन वर्षं पलंग आणि कपाटाच्या मधल्या चटईवर गेली, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंची मांडतो. मुलगी झपाट्याने वाढली की हाड पुढे, स्नायू मागे. त्या काळात तिचा स्प्लिट बंद. गेल्या दिवाळीत मालकांनी चौकट रंगवून घेतली. एका मुलीने आपली जुनी रेघ "आठवणीने" परत काढून दिली, चांगली दोन सेंटिमीटर वर, म्हणजे वाढ कमी दिसावी. तेच आकडे माझ्या वहीतही आहेत, हे तिला अजून सांगितलेलं नाही.