पलंगावरचा कीस

गच्चीवर सोलरची पॅनेलं बसली आणि सोसायटीने वाळवणाला बंदी केली. त्यामुळे यंदाचा बटाट्याचा कीस मुलाच्या पलंगावर पसरलाय. खाली प्लॅस्टिक, त्यावर जुनी सुती साडी, वर पंखा पाचावर, आणि तीननंतर पश्चिमेच्या खिडकीतून येईल तेवढं ऊन. शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, त्याच्या पलंगावर?" देव्हाऱ्यात चपला ठेवल्यासारखा चेहरा केला त्यांनी.

पलंगाचे मालक डब्लिनला असतात. दिवाळी चुकवून नाताळात येतात, आणि आले की हॉलमधल्या सोफ्यावर झोपतात, कारण वायफाय म्हणे तिथेच नीट मिळतं.

तरी त्या खोलीचं काय करायचं ते आमच्याकडे अजून ठरत नाही. ह्यांना अभ्यासिका हवी आहे. निवृत्तीनंतर कसला अभ्यास, हे मी विचारत नाही. मला शिवणाचं मशीन कायमचं मांडून ठेवायचंय, दर वेळी कव्हर काढा-घाला नको. भांडण मिटेपर्यंत तिथे इस्त्रीचे कपडे, पाहुण्यांच्या गाद्या, दिवाळीचे मोठे डबे आणि बारावीच्या क्लासच्या नोट्स. नोट्स मी रद्दीत देत नाही. का ते विचारू नका. त्या भौतिकशास्त्राची फी भरलीय आम्ही, रद्दीवाल्याच्या काट्यावर तिचं वजन बघवणार नाही.

आमच्या इमारतीत अशा खोल्या बऱ्याच आहेत. कुणी व्यायामाची सायकल आणली, तिच्यावर आता टॉवेल वाळतात. कुणी हार्मोनियमचा क्लास सुरू केला. खालच्या मजल्यावर नोकरी करणारी एक मुलगी पेइंग गेस्ट म्हणून ठेवली आहे, आणि काकू स्वतःच्या लेकीपेक्षा तिच्या डब्याची काळजी जास्त करतात. पण खरी गोष्ट कुणी बोलत नाही. निम्म्या घरांत ही खोली घोरण्याच्या कामी आली आहे. तीस-पस्तीस वर्षं एका पलंगावर काढल्यावर दोघांपैकी एकजण उशी उचलून मुलाच्या खोलीत जातो आणि पहिल्यांदा रात्रभर झोपतो. पाहुण्यांना सांगायचं, "ही गेस्टरूम." पाहुण्यांच्याही घरी तशीच असते, त्यामुळे ते जास्त खोलात शिरत नाहीत.

एकदा माझी नणंद तिथे झोपली आणि दिवा मालवल्यावर हाका मारत बाहेर आली. छताला रेडियमचे तारे चिकटवलेत ना, पाचवीत असताना चिकटवलेले. सप्तर्षी नीट जमलेत, बाकी आकाश मनाला येईल तसं. रंगकाम करताना रंगाऱ्याने विचारलं, "काढू का?" मी म्हटलं, छत राहू दे. भिंती नव्या पिस्ता रंगाच्या आणि छत जुनं, असं ते आता दिसतं.

मला स्वतःला कधी खोली नव्हती. गिरगावातल्या चाळीत आम्ही सहाजण, एक खोली आणि स्वयंपाकघर. भाऊ बाहेर गॅलरीत झोपायचा. अभ्यास खिडकीच्या कट्ट्यावर. माझ्या मालकीचा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, तोही माळ्यावर, म्हणजे स्टूल मागावं लागायचं. थोरल्या ताईचं लग्न झालं, त्या रात्री अंथरुणं घालताना आईने सगळ्यांना वीत-वीतभर सरकवलं. कपाटापासून दारापर्यंत सतरंजी पुन्हा भरली. झालं. ताईची जागा शोधायची म्हटली असती तरी सापडली नसती.

आणि आजोळी, कोकणात, घर एवढं मोठं, पण खोली कुणा माणसाची नव्हतीच. माजघर, पडवी, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली. घरात बाळंतीण नसली की त्या काळोख्या खोलीत पेंढ्यावर आंब्याची अढी घातलेली असायची. मामी म्हणायची, इथे काहीतरी पिकत असलं म्हणजे बरं. दुपारी दार उघडलं की वास अंगावर यायचा, आणि आम्ही पिकलेला आंबा शोधताना कच्चे दाबून ठेवायचो.

वरळीच्या बीडीडी चाळी पाडून आता टॉवर उभे राहताहेत. १९२० च्या दशकातल्या त्या चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्या. तिथल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळताहेत, दोन बेडरूमची. तिथल्या पोरांना प्रथमच दार लावून घेता येईल. लावू देत, पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली आहे. मग ती पोरंही पुण्याला, बंगळुरूला जातील आणि कुणीतरी आई पलंगाकडे बघत विचार करील की पापड इथे घालावेत का.

शेवटी मागच्या आठवड्यात मिस्त्रीला बोलावलं. एका भिंतीला ह्यांचं टेबल, दुसरीला माझं मशीन, मध्ये कपाट, असा तह झाला होता. मिस्त्री गुहागरकडचा, बोलका माणूस. टेप घेऊन सगळं मोजलं, मग न सांगता खोलीला लागून असलेल्या बाथरूमचा दरवाजाही मोजला. म्हणाला, "काकू, हा सव्वादोन फुटी आहे. काम काढलंच आहे तर तीन फुटी करून घ्या. पुढेमागे व्हीलचेअर लागली तर आत जात नाही. मागच्या गल्लीत एका घरी ऐन वेळी फोडावा लागला, आजोबा आत आणि धूळ ही एवढी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. बिजागरीच्या भावातही घासाघीस करणारा माणूस. "करून टाका," म्हणाले, आणि किती लागतील ते विचारलंच नाही.